गळ्यात हात

कॉलर बोन मोडलेल्या माणसाची मुख्य अडचण ही, की तो आजारी दिसत नाही. पाय धडधाकट, भूक शाबूत, जीभ तर पूर्वीपेक्षा जास्त चालू. पाय मोडला असता तर प्लॅस्टर दिसलं असतं, कुबड्या दिसल्या असत्या, बँकेत कुणी उठून जागा दिली असती. इथे गळ्यात निळा पट्टा आणि पट्ट्यात डावा हात, एवढंच काय ते भांडवल. नगरच्या सावेडीत भाजीवालीनं विचारलं, "हात मुरगळला का, सर?" आता तिला काय सांगायचं? आत एक प्लेट आहे, स्क्रू आहेत, ते बसवायला डॉक्टरांना ड्रिल चालवावं लागलं आहे. मी म्हणालो, "हो, थोडासा." तिनं सहानुभूती म्हणून कोथिंबिरीची एक काडीही जास्त घातली नाही.

पडण्याची गोष्ट छोटी आहे. जानेवारीतली पहाट, नगर-मनमाड रस्ता, विळद घाट उतरून राहुरीच्या कृषी विद्यापीठाकडे निघालेलो. गळीत हंगाम ऐन भरात. लोणीला १९५० साली विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकारानं सहकारी साखर कारखाना सुरू झाला, मग जिल्ह्यात कारखान्यांची रीघच लागली, आणि आता हिवाळ्यात इथे उसाच्या ट्रॉल्यांना बाजू दिल्याशिवाय कुणालाच कुठे जाता येत नाही. अशाच एका ट्रॉलीतून निसटलेलं टिपरू रस्त्यात आडवं पडलं होतं. पुढचं चाक त्यावर चढलं, ऊस फिरला, चाक सरकलं आणि मी थेट डाव्या खांद्यावर उतरलो. 'कट' असा आवाज आला तो उसाचा असावा असं क्षणभर वाटलं. उसाला काही झालं नव्हतं.

सायकलवाल्यांचं हेच हाड का मोडतं, हे मला एक्स-रे बघताना डॉक्टरांनी समजावलं. हात आणि धड यांना हाडानं हाड जोडणारा दुवा हा एवढाच. बाकी सगळा खांदा स्नायूंच्या भरवशावर. त्यामुळे माणूस खांद्यावर आपटला, की सगळा दणका याच्याकडे येतो, आणि मधल्या भागात जिथे ते सडपातळ असतं तिथे ते हात टेकतं. त्याचा जन्मवृत्तांतही मजेशीर आहे. आईच्या पोटात सगळ्यांत आधी जी हाडं घडू लागतात त्यांत ते असतं, आणि पूर्ण व्हायला मात्र पंचविशीपर्यंत वेळ घेतं. नगरकरांना हे समजायला जड जाऊ नये. चर्चा कधी सुरू झाली ते आठवत नाही आणि वाहनं चढली २०२२च्या अखेरीस, असा उड्डाणपूल आपण पाहिलेला आहे.

पूर्वी हे हाड मोडलं तर पट्टा बांधून घरी पाठवत. आजही बऱ्याच जणांना तसंच पाठवतात. माझी दोन्ही टोकं एकमेकांवर चढून बसली होती, म्हणून प्लेट. ऑपरेशननंतर टाक्यांच्या खालची छातीची जागा बधिर झाली. तिथल्या त्वचेच्या बारीक नसा नेमक्या याच हाडावरून खाली उतरतात, त्यांना धक्का लागतो. डॉक्टर म्हणाले, संवेदना येईल हळूहळू. बायको म्हणाली, "तेवढ्याच जागेची का?"

मग माणसं यायला लागली. नगरमध्ये माणूस भेटायला येतो तो रिकाम्या हातानं येत नाही आणि सल्ल्याशिवाय जात नाही. भिंगारच्या मामांनी कांडवेल आणली. तिची चटणी खाल्ली की हाड जुळतं, असं त्यांचं म्हणणं. घशाला खाज सुटते, हे मात्र खाल्ल्यावर कळलं. आत्यानं डिंकाचे लाडू आणले. एका मित्रानं पायाचं सूप सुचवलं, पण ते घरात चालत नाही हे ठाऊक असल्यामुळे निरोप म्हणून, हलक्या आवाजात. शेजारच्या काकांना एकच चिंता, विमानतळावर मी वाजेन का. मी २०१७पासून शिर्डीला विमानतळ असूनही अजून एकदाही विमानात बसलेलो नाही, हे त्यांना माहीत आहे.

मामांना माझ्या पट्टीबद्दलही शंका होती. त्यांना मी सुश्रुत ऐकवला. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात मोडलेल्या हाडांसाठी स्वतंत्र अध्याय आहे. मोह, उंबर, पिंपळ, पळस यांच्या सालींनी आणि बांबूनं हाड कसं धरून ठेवायचं ते त्यात सांगितलंय. थंडीत पट्टी सात दिवसांनी बदला, मध्यम हवेत पाच, उन्हाळ्यात तीन. इतकं ऋतुमान पाहून पट्टी सोडणारा वैद्य मला फार आवडला. मामा म्हणाले, "त्यात सायकल चालवू नका असं लिहिलंय का?" मी म्हणालो, नाही. "मग अपुरा आहे ग्रंथ."

संध्याकाळी सायकल ग्रुपमधले लोक येत आणि वीरकथा सांगत. लान्स आर्मस्ट्राँगची कॉलर बोन मार्च २००९मध्ये मोडली, प्लेट बसवली आणि मे महिन्यात तो इटलीच्या शर्यतीत होता. टायलर हॅमिल्टननं २००३ची टूर द फ्रान्स चिरलेल्या कॉलर बोनवर पुरी केली, चौथा आला, एक टप्पाही जिंकला. पण ते दोघंही पुढे उत्तेजकांच्या प्रकरणात सापडले हे जगाला माहीत आहे, त्यामुळे मी आपला फियोरेन्झो मान्यीच्या पक्षाचा. १९५६ची इटलीची शर्यत. मान्यी पस्तिशीचा, त्याचा हा शेवटचा हंगाम. उतारावर पडून कॉलर बोन मोडली. डॉक्टर सोड म्हणाले, त्यानं सोडली नाही. डाव्या हातानं हँडल ओढता येईना, तर मेकॅनिकनं जुन्या ट्यूबची पट्टी कापून हँडलला बांधली आणि तिचं दुसरं टोक यानं दातात धरलं. असा चढ चढला. पुढे पुन्हा पडला, दंडाचंही हाड गेलं, आणि तरी शर्यतीत दुसरा आला. त्याचा दातात ट्यूब धरलेला फोटो ग्रुपमधल्या एकानं मला हुरूप यावा म्हणून पाठवला. मी तो पायजम्याची नाडी एका हातानं आणि दातानं बांधण्याच्या प्रयत्नात असताना पाहिला. हुरूप आला, गाठ काही बसली नाही.

एका हाताचं जगणं म्हणजे असल्या फुटकळ मानहानींची माळ. पेस्टचं टोपण. डोक्याला तेल. बाजरीची भाकरी कुस्करायला एक हात पुरतो, पण ताट सरकत सरकत समोरच्याच्या पुढ्यात जातं.

आमच्या ग्रुपमध्ये नाशिकच्या महाजन बंधूंचा विषय निघाल्याशिवाय बैठक संपत नाही. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र, दोघांनी मिळून २०१५ साली रेस ॲक्रॉस अमेरिका पुरी केली, सुमारे ४,८०० किलोमीटर. हितेंद्र भूलतज्ज्ञ आहेत. त्यामुळे टेबलावर आडवा असताना मी माझ्या भूलतज्ज्ञांना विचारलं होतं, तुम्ही सायकल चालवता का? "आकडे मोजा," एवढंच ते म्हणाले.

पण या सगळ्या गप्पांपेक्षा माझ्या लक्षात राहिली ती टाके काढायच्या दिवशी रांगेत भेटलेली जोडी. पाथर्डी तालुक्यातली, ऊसतोडीला आलेली. त्याचीही कॉलर बोन. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढताना पाय घसरला होता. त्याला ऑपरेशन लागलं नव्हतं, माझ्यासारखाच निळा पट्टा होता.

"तुमी कशावरून पडला?" त्यानं विचारलं.

"सायकलवरून."

"कुठं निघाला व्हता?"

"राहुरीपर्यंत. जाऊन परत यायचं."

"काय काम व्हतं तिथं?"

"काही नाही. असंच."

तो बराच वेळ गप्प राहिला. काही काम नसताना हाड मोडून घेणारा माणूस त्यानं पहिल्यांदाच पाहिला असावा. मग त्याची बायको म्हणाली, "आमचा आता अर्धा कोयता झालाय." ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती दोघांच्या कामातून फिटायची असते. डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, सहा आठवडे वजन उचलायचं नाही, आणि मी त्यावर घरी कुरकुर केली होती. त्यालाही तेच सांगितलं होतं. तो तिसऱ्या दिवसापासून एका हातानं वाढं गोळा करत होता. उसावरून घसरलो हे ऐकल्यावर मात्र तो हळहळला. "आमी आवळून बांधतो, सर. पडलेल्या टिपराचं वजन आमालाबी भेटत नाही."

हाड आपल्या चालीनं जुळत राहिलं. फिजिओनं भिंतीवर बोटांनी चढायला लावलं. रोज पेन्सिलीची खूण, कालच्यापेक्षा वर गेलो की घरात बातमी. पुढे सायकल ट्रेनरवर चढवून दिवाणखान्यात चालवायची परवानगी मिळाली. आई चहा घेऊन यायची आणि पाच मिनिटं बघत उभी राहायची. "एवढं चालवतोस, पोचतोस कुठे?" पाथर्डीच्या त्या गड्याच्या आणि तिच्या प्रश्नात तसा फरक नव्हता.

आता पट्टा सुटला आहे. घाट बंद, सपाटीला सूट. यंदाचा हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होईल. आरटीओवाले कारखान्यांच्या आवारात ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावतील, त्याचे फोटोही छापून येतील. ट्रॅक्टरमालकांना एवढीच विनंती, की ऊस भरून झाल्यावर मागे जाऊन एकदा बघा. लोंबणाऱ्या उसानं आणि चिखलानं तो रिफ्लेक्टर झाकला असेल तर दुसरा एक अगदी शेवटच्या मोळीला बाहेरून बांधा. लाल फडकं अंधारात दिसत नाही. आणि रस्त्यात टिपरू दिसलं, तर जो कुणी आधी पोचेल त्यानं ते उचलून कडेला टाकावं. त्याला एक हात पुरतो.