सव्वादोन इंचांत सबलीकरण

आमच्या बचत गटाने तीन वर्षे पापड लाटले. पापड चांगले होते. पण भंडाऱ्यात घरोघरी एक पापड लाटणारी असतेच, आणि तिच्या मते दुसरीचा पापड नेहमी जाड असतो. मग आमच्या अध्यक्षीणबाईंनी नागपूरला एक गोल आरसा पाहिला. पुढे काच, मागे छापील चित्र, पर्समध्ये मावणारा. "यावर बाईचं नाव आणि एक दमदार ओळ टाकायची. संक्रांतीला वाण म्हणून जाईल, ८ मार्चला सत्कार म्हणून जाईल." ओळ कोण लिहिणार, असा प्रश्न निघाला तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी ३१ वर्षे शाळेत मराठी शिकवले आहे. एवढ्या गुन्ह्यावर माणसाला काहीही लिहायला लावता येते: मानपत्र, श्रद्धांजली, मंगलाष्टके, आणि आता आरसा.

दोन हंगामांच्या अनुभवातून पुढील नियम सिद्ध झाले आहेत. ते शासकीय परिपत्रकाइतके काटेकोर पाळावेत, म्हणजे परिपत्रक जितके पाळले जाते तितके.

नियम १. आधी जागा मोजा, मग स्फुरण येऊ द्या.

बाजारात मिळणारा हा आरसा ५८ मिलिमीटरचा, म्हणजे सव्वादोन इंचांचा असतो. त्यातला काठ मुडपून आत जातो. उरलेल्या जागेत नाव येणार, खाली गटाचे नाव येणार, वर गुलाबाचे फूल येणार. (फूल नको, असे मी दोनदा म्हणून पाहिले. फूल राहिले.) एवढे झाल्यावर तुमच्या वाट्याला चार शब्द येतात. अध्यक्षीणबाईंचे पहिले घोषवाक्य १७ शब्दांचे होते. त्यात 'सक्षमीकरण', 'आत्मनिर्भरता' आणि 'सर्वांगीण' असे तिन्ही होते. ते बसवायला आरसा नव्हे, परात लागली असती. पाचवा शब्द घातला की अक्षर इतके बारीक होते की वाचायला चष्मा लागतो. आणि चष्मा लावून आरसा बघायच्या वयाला आलेल्या बाईला घोषवाक्याची गरज उरलेली नसते.

नियम २. नकार वापरू नका.

यामागे मानसशास्त्र नाही, छपाई आहे. मराठीचा नकार वाक्याच्या शेपटीला असतो, आणि शेपूट काठात जाते. आमच्या पहिल्या मालावर वर फूल, मध्ये 'मी अबला' आणि खाली काठाशी 'नाही!' असे ठरले होते. यंत्राने काठ मुडपला. ४० बायांसाठी ४० आरसे तयार झाले, आणि प्रत्येकावर ठळक अक्षरांत लिहिलेले होते: मी अबला. परत कोण घेणार? शेवटी गटातल्या एकीने त्यातले सहा निम्म्या भावात घेतले. तिला नणंदा सहा आहेत.

नियम ३. अक्षरे फुटतात, हे गृहीत धरा.

तुम्ही मोबाइलवर लिहिता ते युनिकोड. छापणाऱ्याच्या संगणकावर फॉन्ट जुना, संगणक त्याहून जुना. तिकडे गेल्यावर पहिली वेलांटी आपले अक्षर सोडून शेजारी जाते, रफार भलत्याच डोक्यावर बसतो आणि 'स्त्री'चे तुकडे होतात. मजकूर नुसता पाठवून मोकळे होऊ नका. सोबत कागदावर सुवाच्य अक्षरात लिहून त्याचा फोटो पाठवा आणि छपाईआधी नमुना मागवून तीन शब्द तपासा: 'स्त्री', 'हिम्मत', 'कर्तृत्व'. तिन्ही धडधाकट आले तर पुढे जा. 'कर्तृत्व' हा शब्द अखंड अवस्थेत मी सत्कारपत्रांवर फार क्वचित पाहिला आहे.

याहून सोपा उपाय म्हणजे जोडाक्षरेच टाळावीत. सबलीकरण जोडाक्षरांशिवाय होणार नाही, अशी अध्यक्षीणबाईंची समजूत आहे. पण बाया एकमेकींना खरा धीर देतात तेव्हा काय म्हणतात, ते ऐका. 'होईल.' 'बघू, काय करतात ते.' 'मी आहे ना.' शेवटच्या वाक्यात एकही जोडाक्षर नाही, आणि दवाखान्याच्या बाकावर मध्यरात्री ते ज्याने ऐकले आहे, त्याला त्याची ताकद मी सांगायला नको.

नियम ४. भरारी, पंख, आभाळ, क्षितिज, ज्योत आणि रणरागिणी हे सहा शब्द सरकारजमा करावेत.

शब्द वाईट नाहीत. वापरून वापरून त्यांची कल्हई गेली आहे. शिवाय स्थानिक अडचण आहे. आमच्या झाडीपट्टीच्या बोलीत 'ळ' नाही आणि 'ण'ही नाही. डोळा तो डोरा, पाणी ते पानी. हे मला पाठ असूनही मी एकदा 'कवेत घे आभाळ' अशी ओळ लिहिली. तिच्यावर मी मनातून खूश होते. साकोलीकडच्या एका गटात आरसे दाखवायला नेले. तिथल्या एकीने मोठ्याने वाचले, "कवेत घे आभार." शेजारचीने विचारले, "कोनाचे?"

मी ती ओळ मागे घेतली. कोणाचे, ते मलाही सांगता आले नसते.

त्याच बैठकीत दुसरी ओळ आपटली: 'ताठ उभी राहा'. हा धानाचा जिल्हा. पावसाळ्यात रोवणीला उभ्या (म्हणजे वाकलेल्या) राहणाऱ्या बाया चिखलात पाय रोवून, एकेक पाऊल मागे सरत दिवसभर काम करतात. ओळ वाचून एक आजी म्हणाल्या, "कमरेनं राहू देलं त राहीन ना बाई!" मी वही बंद केली आणि विचारले, मग काय लिहू? बराच वेळ कोणी बोलेना. मग मागून एक आवाज आला, "लिहा, आधी माझा चहा." सगळ्याजणी हसल्या. दोन हंगामांत आमची सर्वात जास्त खपलेली ओळ तीच आहे. ती माझी नाही, याचे मला थोडे वाईट वाटते. हे 'थोडे' आणखी कमी असते तर बरे झाले असते.

नियम ५. 'तू' म्हणायचे की 'तुम्ही', हे देणारी ठरवते. लिहिणारीने मध्ये पडू नये.

एका सुनेने सासूसाठी आरसा नेला. मागे लिहिले होते, 'तू सुंदर आहेस'. सासूबाईंनी 'सुंदर' वाचलेच नाही. त्या 'तू'वरच थांबल्या. 'तुम्ही सुंदर आहात' लिहावे तर ते सत्कार समारंभातले वाटते, हार घालून झाल्यावरचे. इंग्रजीला हा त्रास नाही. तिथे सासू, सून आणि मांजर एकाच सर्वनामात राहतात. आपण क्रियापदालाच रजा द्यावी. 'माझी मी.' 'हसरा चेहरा, पक्का विचार.' अशी ओळ कोणीही कोणालाही देऊ शकते, आणि कोण कोणाला काय म्हणाले, याचा पंचनामा होत नाही.

नियम ६. 'लाडकी' हा शब्द २०२४पासून आरशावर घालू नये. लोक उलटून पाहतात आणि हप्ता कधी येणार, ते विचारतात.

नियम ७. आरशाऐवजी कपावर छापायचे असेल तर कागदावर अक्षरे उलटी निघतात. उष्णतेने कपावर उतरताना ती सुलटी होतात. घाबरू नका. मी घाबरले होते, आणि दुकानात ओरडलेही होते. त्याबद्दल इथे दिलगिरी.

नियम ८. प्रायोजकाला वाक्य देऊ नका.

निवडणूक जवळ आली की वाणाला अचानक भाऊ मिळतो. आम्हालाही मिळाले. ३०० आरसे, पैसे रोख, अट एकच: मागे भाऊंचा फोटो. फोटोखाली जागा उरली तर सबलीकरण. मी म्हटले, भाऊ, बाई पुढून स्वतःला बघणार आणि मागे तुम्ही, हे बरे दिसेल का? भाऊ शांतपणे म्हणाले, "म्हणजेच मी पाठीशी उभा आहे." एवढे हजरजबाबी उत्तर माझ्या वर्गात कोणी दिल्याचे मला आठवत नाही.

देणाऱ्याला आपले नाव हवे असते, यात नवे काही नाही. आपल्याच पवनीत, जगन्नाथ टेकडीवर, १९६९-७० मध्ये उत्खनन झाले आणि दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा बौद्ध स्तूप उजेडात आला. तिथल्या शिळांवर ब्राह्मी लिपीत दात्यांची नावे कोरलेली आहेत. मजकूर थोडका: अमक्याचे दान. ना फोटो, ना चिन्ह, ना 'भावी'. आणि नावे अजून टिकून आहेत. हे मी भाऊंना सांगितले. ते म्हणाले, "पण तेव्हा मतदान कुठं होतं?" ३०० आरसे गेले. पैशांतून गटाने शिवणयंत्र घेतले. मी तत्त्व सोडले, हे मान्य आहे; यंत्र चांगले चालते.

नियम ९. 'सौ.' काढा.

हा नियम गंभीर आहे, म्हणून थोडक्यात सांगते. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालते, आणि वाण म्हणजे सौभाग्याचे वाण. म्हणून छापणाऱ्याच्या साच्यात नावाआधी 'सौ.' आधीच टाकलेला होता. आमच्या गटात १२ जणी आहेत, त्यांपैकी तिघी विधवा. पहिल्या वर्षी त्यांनी आरसे मोजले, पुसले, पिशव्यांत भरले, रिबिनी बांधल्या, आणि हळदीकुंकवाला बाया येऊ लागल्या तसे घरी काम असल्याचे सांगून निघून गेल्या. तिघींनाही एकाच वेळी काम निघाले, हे माझ्या लक्षात आले. पण मी काही बोलले नाही. मला तेव्हा 'सबलीकरण'मधला 'स' फुलाला टेकतोय की काय, ही चिंता होती.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात शासनाने इतर ग्रामपंचायतींना तोच कित्ता गिरवायला सांगितले. आम्ही ठराव वगैरे केला नाही. दुसऱ्या वर्षी मी साच्यातले एक अक्षर आणि एक टिंब खोडले, आणि तिघींना कार्यक्रमाच्या दिवशी तिळगूळ वाटायला बसवले, म्हणजे उठून जाता येऊ नये. अध्यक्षीणबाई काही बोलतील म्हणून मी उत्तर तयार ठेवले होते. त्यांनी नमुना बघितला आणि म्हणाल्या, "जागा पण वाचली."

नियम १०. नाव चुकवू नका. किंवा बरोबर ठिकाणी चुकवा.

भंडाऱ्याची ओळख पितळेच्या भांड्यांची. पूर्वी भांडे घेतले की त्यावर नाव घालून मिळे. कारागीर छन्नी ठोकत ठिपक्याला ठिपका जोडत जाई, आणि एका गडव्यावर माणसाचे नाव, गाव, तारीख सारे मावे. तांबे आणि जस्त यांच्या या मिश्रणावर आमच्या घरची अख्खी वंशावळ होती. पण नीट वाचाल तर ती सगळी देणाऱ्यांची: अमुक यांजकडून सप्रेम भेट. आईचे नाव असे ते गुंडावर आणि परातीवर, 'सौ.' लावून, आणि तेही लग्नात सासरी बदललेले.

फक्त एका करंड्यावर तिचे माहेरचे नाव होते. आजीने लग्नाआधी घालून घेतलेले. एकच शब्द. त्या नावात एक 'ण' आहे. आजीने सांगितले तसे कारागिराने 'न' ठोकला. मी शाळेत शुद्धलेखन शिकल्यावर मोठ्या तोऱ्यात म्हटले, "आई, हे चुकलंय." ती म्हणाली, "मले तसंच बलावत."

बाबा गेल्यावर 'सौ.' लिहिलेली भांडी हळूहळू मोडीत गेली. नाही तरी घरात स्टील आलेच होते. करंड्यातले कुंकू गेले, आणि त्यात सुया, सुट्टी बटणे आणि बसभाड्याची नाणी आली. करंडा तिने शेवटपर्यंत उशाशी ठेवला. त्यावर घोषवाक्य नव्हते.

या वर्षीच्या मागणीपत्रात म्हणून मी एक रकाना वाढवला आहे: 'माहेरी काय म्हणत?' बाया तो रकाना पटकन भरत नाहीत. पेन हातात धरून इकडेतिकडे बघतात, एकदा हसतात, आणि मग लिहितात. कुठे ठकी, कुठे बेबी, कुठे शुद्धलेखनाला न जुमानणारे काहीतरी. मी एकही दुरुस्त करत नाही. जिवावर येते, पण करत नाही.

अध्यक्षीणबाईंनी त्यांचा कागद सगळ्यात शेवटी दिला. नावाच्या रकान्यात दोन अक्षरे. घोषवाक्याचा रकाना, जिथे त्यांचे १७ शब्द ठरलेले असत, तिथे एक आडवी रेघ. मी विचारले, खाली काहीच नको? त्या म्हणाल्या, "नको. एवढं पुरे."

मग दारापर्यंत गेल्या आणि परत वळून म्हणाल्या, "फूल मात्र राहू द्या हं, मॅडम."