वायफायचं वास्तुशास्त्र

आमच्या घरात वायफाय रुसलं की पहिला संशय लॅपटॉपवर, दुसरा माझ्यावर. कंपनीचा माणूस तिसरा, कारण तो फोन उचलत नाही. उचललाच तर म्हणतो, "सर, राउटर बंद करून चालू करा."

लॅपटॉप म्हणतो, 'कनेक्टेड, नो इंटरनेट'. म्हणजे साखरपुडा झालाय, पण मुलगा-मुलगी बोलत नाहीत. शेजारीच मोबाइल खुशाल यूट्यूब दाखवत असतो. अशा वेळी लॅपटॉपचा आयपी पत्ता बघावा. तो १६९.२५४ने सुरू होत असेल, तर राउटरने पत्ता दिलेलाच नाही आणि बिचाऱ्याने आपल्या मनाने एक ठेवून घेतलाय. नेटवर्क 'फर्गेट' करून पासवर्ड पुन्हा टाकला की बहुधा सूत जुळतं. पासवर्ड राउटरच्या पोटाला चिकटवलेला असतो. त्यातला तो शून्य की ओ, यावर घरात दोन तट.

खरं दुखणं मात्र रात्री जेवणाच्या सुमाराला उपटायचं. अमेरिकेतल्या साहेबांशी मीटिंग चालू, आणि ते आ वासलेल्या अवस्थेतच पडद्यावर थिजायचे. शेजारचे काका दारातूनच बघून म्हणाले, "अहो, राउटर आग्नेयेला! ईशान्येला हलवा, बघा कसा चालतो."

बायको हसली. पण आमच्या आग्नेयेला स्वयंपाकघर आहे, आणि राउटरला खेटून मायक्रोवेव्ह. तो २.४५ गिगाहर्ट्झवर आमटी गरम करतो, आणि आमचं वायफाय २.४च्या पट्ट्यात. इकडे आमटी फिरायला लागली की तिकडे साहेब गारठणारच! ५ गिगाहर्ट्झवर जावं तर मायक्रोवेव्हची कटकट नाही, पण त्या लहरींना भिंतींचं वावडं. बेडरूमच्या दाराशीच दम तोडतात. शिवाय मध्ये आईचं लोखंडी कपाट. ते हलवा म्हणायची हिंमत कुणात नाही.

शेवटी राउटर ईशान्येला, देवघराशेजारच्या फळीवर गेला. मीटिंगा सुरळीत झाल्या, काकांचा भाव वधारला. आता ते सोसायटीत सगळ्यांच्या राउटरच्या दिशा तपासत फिरतात.

दुसऱ्याच दिवशी आईने राउटरवर क्रोशाचा रुमाल घातला. "अगं, तापेल तो," मी म्हटलं. "धूळ बसते," ती म्हणाली. बरीच घासाघीस झाली. आता रुमाल आहेच. फक्त हवेसाठी वीण सैल केलीय आणि अँटेनांना दोन भोकं ठेवलीत.