ट्राऊट आला मोठ्या मानाचा

नोवाय, मिशिगन
जूनअखेर

तीर्थरूप आप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र देवबागेत पोचेल तेव्हा मासेमारीची बंदी निम्म्याहून जास्त सरलेली असेल. आई म्हणत होती, खाडीचं पाणी लाल झालंय, गरवायला जाता येत नाही आणि तुम्ही पडवीत बसून पावसावर खेकसता. सुका बांगडा तरी तिने किती दिवस पुरवायचा! म्हणून मुद्दाम माशांचं पत्र लिहितेय. फोनवरही सांगितलं असतं, पण फोनवर तुम्ही पहिल्या वाक्यालाच "मासो गावलो काय?" विचारता आणि उत्तर मिळालं की फोन आईकडे देता. पत्रात तसं करता येत नाही. गावला, आप्पा. पण जरा दमानं घ्या.

पहिली बातमी अशी, की हा सगळा बेत तुमच्या जावयांचा. हो, तेच. देवबागेत पहिल्यांदा आले तेव्हा सुरमईच्या वासावर उतारा म्हणून ज्यांनी पडवीत उदबत्ती लावली होती, ते. ऑफिसात ह्यांना कुणीतरी सांगितलं की उत्तर मिशिगनात ऑ सेबल नावाची नदी आहे, तिथे होडीतून प्रवाहाबरोबर जात ट्राऊट पकडतात आणि पकडलेला प्रत्येक मासा परत पाण्यात सोडतात. खायचा नाही, शिजवायचा नाही, साफसुद्धा करायचा नाही. पन्नाशीला आलेल्या सदाशिवपेठी माणसाला मासेमारी आयुष्यात पहिल्यांदा पटली.

मग खरेदी. नऊ फुटी काठी आली, रिळ आलं, छातीपर्यंत येणारी रबरी विजार आली. मागच्या हिरवळीवर सराव सुरू झाला. दोरीच्या टोकाला गळाऐवजी लाल लोकरीचा तुकडा बांधायचा आणि काठी घड्याळातल्या दहावरून दोनवर, दोनवरून दहावर न्यायची. शेजारीण कुंपणावरून बराच वेळ बघत होती. शेवटी तिने हळूच मला विचारलं, "तो ठीक आहे ना?" मी म्हटलं, धार्मिक आहे. तिने पुन्हा विचारलं नाही. सरकारी परवानाही काढला. तो ३१ मार्चला संपतो, म्हणजे इथल्या माशांचं आर्थिक वर्षही आपल्यासारखंच. गाईडची फी मात्र सांगत नाही. तेवढ्यात तुमच्याकडे आख्ख्या वाडीला पापलेट घालता येईल.

पोरांना मैत्रिणीकडे सोडून पहाटे निघालो. पंचाहत्तर नंबरचा हायवे धरून तीन तास उत्तरेला गेलं की ग्रेलिंग गाव लागतं. गावाला एका माशाचं नाव आहे आणि तो मासा आता तिथे नाही. पाठीवर शिडासारखा पंख असलेला हा ग्रेलिंग एके काळी ऑ सेबलमध्ये इतका होता की पिंपं भरभरून शिकागोच्या हॉटेलांत जायचा. मग लाकूडवाले आले. त्यांनी पाइनची जंगलं कापली आणि ओंडके नदीतून वाहून नेले. ओंडक्यांनी तळ खरवडला, अंडी गेली, काठावरची सावली गेली, पाणी तापलं. उरलेसुरले लोकांनी पकडून खाल्ले. १९३० च्या दशकापर्यंत मिशिगनमधून ही जातच संपली. आता अलास्कातून अंडी आणून ती इथल्या नद्यांत पुन्हा रुजवायची धडपड चालली आहे. जुन्या जंगलापैकी ४९ एकर तेवढं गावाजवळच्या हार्टविक पाइन्समध्ये शिल्लक आहे. झाडं एवढी उंच, की बघताना ह्यांची टोपी पडली.

तर नदीत आज जे ट्राऊट आहेत, ते सगळे बाहेरून आलेले. रेनबो पश्चिम किनाऱ्याकडचा, ब्राऊन जर्मनीहून आलेला आणि ब्रूकसुद्धा या नदीत आणून सोडलेला. ब्राऊनची गोष्ट ऐकून तर मी होडीत उठून उभीच राहिले (गाईडने लगेच खाली बसवलं). जर्मनीहून आलेली अंडी उबवली कुठे, तर नॉर्थव्हिलला! आमच्या शेजारचं गाव, आप्पा. तुम्ही आला होतात तेव्हा जिथे सायडर प्यायलात ते. त्यातली पिल्लं १८८४ च्या एप्रिलमध्ये बाल्डविनच्या नदीत सोडली आणि तिथून ही जात इथे पसरली. सव्वाशेहून जास्त वर्षांत हे साहेब असे स्थिरावले की आता नदीचे सगळे कायदे त्यांच्या सोयीने होतात. आमचं ग्रीन कार्ड यायला लागलेली वर्षं आठवून ह्यांनी एक सुस्कारा सोडला.

होडी मात्र तुम्हाला आवडली असती. लांब, अरुंद, सपाट तळाची, लाकडी. ओंडकेवाल्यांच्या काळापासून इथे असल्याच होड्या चालतात. गाईड मागे बसतो, वल्ह्याऐवजी लांब काठीने होडी वळवतो आणि वेग कमी करायला मागून एक साखळी तळावर सोडतो. गरवणारा पुढे एका पेटीवर बसतो. पूर्वी या पेटीत पाणी खेळवून पकडलेले मासे जिवंत ठेवत. मी झाकण उघडून पाहिलं. आत ह्यांची रबरी विजार घडी करून ठेवलेली होती, कारण होडीतून जाणाऱ्याला ती लागत नाही.

आम्ही बर्टन्स लँडिंगला होडीत बसलो. तिथून वेकली पुलापर्यंतच्या आठेक मैलांना होली वॉटर्स म्हणतात आणि सोवळं तसंच कडक आहे. आमिष चालत नाही, फक्त पिसांची माशी. एकही मासा ठेवायचा नाही. गाईडने गळाची उलटी नखी पक्कडीने दाबून सपाट केली, म्हणजे सोडवताना साहेबांना लागायला नको. माशाला हात लावण्याआधी हात ओले करायचे, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. फोटो हवा तर चटकन, तोही पाण्यालगत. आणि उन्हाळ्यात नदीचं पाणी एकवीस अंशांवर गेलं की त्या दिवशी गरवायचंच नाही, त्याला दम लागतो. आप्पा, ट्राऊट म्हणजे अधिक महिन्यातला जावई. फक्त चांदीच्या ताटात तेहेतीस अनारसे ठेवायचे बाकी होते.

खाण्याच्या बाबतीतही तेच. खाडीत एक जिवंत कोळंबी गरीला लावली की तांबोशी खूश. इथे आधी चौकशी, की साहेब आज काय घेणार? गाईडने काठावरची झुडपं हलवली, कोळ्याच्या जाळ्यात कोणते किडे अडकलेत ते चष्मा लावून पाहिलं, मग डबी उघडून कोंबड्याच्या पिसांची, करड्या रंगाची, नखाएवढी माशी काढली. तिचं नाव ॲडम्स. १९२२ मध्ये मिशिगनातच लेन हॅलडे नावाच्या माणसाने ती बांधली आणि तिच्यावर पहिल्यांदा मासे धरणाऱ्या मित्राचं नाव तिला दिलं. ही माशी पाण्यावर अशी वाहत गेली पाहिजे, की तिला दोरी बांधलेली आहे हे माशाला कळता कामा नये. दोरीने जरा ओढ घेतली की साहेब तोंड फिरवतात.

ह्यांच्या दोरीने ओढच घेतली. गाईड होडीचं नाक बारा धरून दिशा सांगतो. तो म्हणाला, "दोन वाजता, त्या सीडरखाली!" ह्यांनी घड्याळात पाहिलं. म्हणाले, अजून सव्वादहाच होतायत. मग सीडर, मग आल्डरचं झुडूप, मग माझी टोपी, असं एकेक करत ह्यांनी दोन्ही काठ गरवून काढले. गाईड प्रत्येक वेळी होडी मागे नेऊन माशी सोडवायचा आणि म्हणायचा, "झाड पकडणाऱ्याला परवाना लागत नाही." पाण्यात ठिकठिकाणी ओंडके दिसतात, त्यातले बरेच लोकांनी मुद्दाम टाकलेले, माशांना आडोसा म्हणून. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी लाकूड काढून नेलं, आता परत आणून ठेवतात. ह्यांनी त्यातलेही काही ओंडके धरले.

दुपारी काठाला लागून डबा सोडला. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लिंबाचं लोणचं. गाईड सँडविच बाजूला ठेवून चटणीकडे वळला आणि तेवढ्यात त्याची जीभ सुटली. १९५९ मध्ये याच नदीकाठच्या एका घरात काही गरवणारे जमले आणि त्यांनी ट्राऊट अनलिमिटेड ही संस्था काढली. आज ती देशभर नद्या राखते. जॉर्ज मेसन नावाचा मोटार कंपनीचा अध्यक्ष १९५४ मध्ये गेला, तो दक्षिणेच्या फाट्यावरची आपली जमीन जनतेसाठी ठेवून गेला, आहे तशीच राखायची या अटीवर. हे ऐकून ह्यांनी मला हळूच मराठीत सांगितलं, "आमचा अध्यक्ष आम्हाला पार्किंगही देत नाही."

दुपारनंतर काठी माझ्याकडे आली. हिरवळीवरची घड्याळं वगैरे मी काही केलं नाही. तुम्ही धक्क्यावर शिकवलेलं तेवढं मनगट होतं. एका ओंडक्याच्या पुढे माशी टाकली, वाहू दिली, आणि पाण्याला एक लहानशी खळी पडली. दोरी ताठ! ब्रूक ट्राऊट होता, वीतभर. काय देखणा, आप्पा! पाठीवर नागमोडी नक्षी, कुशीला लाल ठिपके, ठिपक्याभोवती निळं वर्तुळ, परांना पांढरी किनार. खवले इतके बारीक की काढायचीही गरज नाही. मी हात ओले करून त्याला धरला आणि माझ्या डोळ्यांपुढे हळद, मीठ, आगळ, तिरफळं, आईचा तवा असं सगळं रांगेने येऊन उभं राहिलं. गाईड कौतुकाने म्हणाला, "आता त्याला निरोप द्या." दिला. ह्यांनी टाळ्या वाजवल्या. तुमच्या मुलीने आयुष्यात प्रथमच मासा धरून पाण्यात सोडला आणि त्याबद्दल पैसेही मोजले. हे वाचून आईला लगेच सांगू नका, तिचं जेवण होऊ द्या.

खरी गंमत रात्रीची. इथे जूनमध्ये सूर्य साडेनवाला कुठे टेकतो. वेकली पुलाच्या अलीकडे होडी काठाला लावून आम्ही काळोखाची वाट पाहत बसलो. डासांनी जेवायला सुरुवात केली होती, त्यांना काही नियम नाहीत. या दिवसांत हेक्स नावाचा मोठा पिवळा किडा निघतो. दीड-दोन वर्षं नदीच्या गाळात बिळ करून राहतो आणि एका रात्री पंख फुटून हजारोंनी वर येतो. पंखवाल्या किड्याला खाता येईल असं तोंडच नसतं. दोन-एक दिवसांत जोडी जमवून, अंडी घालून मरायचं. एरवी दिवसभर तोंड फिरवणारे मोठमोठे ब्राऊन तेव्हा पंगतीला बसतात. दिसत काहीच नाही, नुसता आवाज येतो, "चुळ्ळुक". आवाजाच्या रोखाने माशी टाकायची.

आणि इथे तुमचे जावई चमकले! बघायचंच नव्हतं ना, मग ह्यांच्या दोरीला झाडं दिसेनात. गाईड म्हणाला, "डावीकडे, जरा पुढे." चुळ्ळुक झालं, ह्यांनी काठी उचलली आणि काठी कमान झाली. मग पुढे एवढी धावपळ झाली, की गाईड इंग्रजीत ओरडत होता, हे मराठीत, आणि मी मालवणीत. जाळीत आला तेव्हा हातभर लांबीचा सोनेरी ब्राऊन होता. ह्यांनी हात ओले केले, त्याला धरलं, बॅटरीच्या उजेडात त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि मला म्हणाले, "तुमच्याकडे याचं काय करतात?"

मी सांगितलं. सविस्तर. ह्यांनी घाईघाईने त्याला सोडून दिलं.

आता कामाचं. तुम्ही सप्टेंबरात येताय, तेव्हा तुमचा परवाना काढून ठेवते. होली वॉटर्सला नेणार नाही, तिथे तुम्ही भांडाल. दुसरे पट्टे आहेत, तिथे गांडूळ चालतं आणि माप पाळून थोडे मासे घरीही आणता येतात. ट्राऊटचा हंगाम सप्टेंबरच्या शेवटापर्यंत असतो, म्हणून तिकीट महिन्याच्या सुरुवातीचं काढा. पाग मात्र आणू नका. कस्टमवाला सोडेल, नदीवरचा अधिकारी सोडणार नाही. तिरफळं सुकलेली आणा, दाणे काढून. बॅगेत आईच्या पातळात गुंडाळून ठेवा, आणि विचारलं तर मसाला म्हणून खरं सांगा.

हे तुमच्याबरोबर येणार म्हणतात. काठावर उदबत्तीसह बसतील.

आईला नमस्कार, वाडीत सगळ्यांना विचारल्याचं सांगा.

तुमची,
धाकटी

ता. क. रबरी विजार दुकानाने परत घेतली नाही. तुमच्या अंगाला बसेल असं वाटतं. छातीची मापं कळवा.