नाना आणि कोलंबसची स्वारी

ॲन आर्बरहून यूएस-२३ या रस्त्याने दक्षिणेला निघालं, की ओहायोची हद्द लागायच्या आधी डंडी नावाचं छोटं गाव येतं. तिथं नानांच्या गाडीची टाकी गळ्यापर्यंत भरली जाते. मागच्या सीटवर पाण्याच्या बाटल्या, दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि थर्मासभर चहा. एकदा हद्द ओलांडली की परत येईपर्यंत ओहायोत एक डॉलर खर्च करायचा नाही, अशी नानांची शपथ आहे. ओहायो स्टेट विद्यापीठाचे गाजलेले फुटबॉल प्रशिक्षक वुडी हेज यांच्याबद्दल अशी दंतकथा सांगतात, की मिशिगनमध्ये पेट्रोल विकत घेण्यापेक्षा गाडी ढकलत हद्दीपार नेईन, असं ते म्हणाले होते. नाना हेजना पन्नास वर्षांच्या थकबाकीसकट शिव्या घालतात. नियम मात्र त्यांचाच पाळतात.

या जातीचा माणूस मिशिगनमध्ये कुठंही भेटतो. न्हाव्याच्या खुर्चीत, दातांच्या डॉक्टरकडे, चर्चच्या पायऱ्यांवर, खिळे-स्क्रू विकणाऱ्या दुकानात. सामना झाल्यावर बोलणारे जगभर असतात. हा सामन्याच्या आधी बोलतो. मिशिगन विद्यापीठ आणि ओहायो स्टेट यांची फुटबॉलची झुंज नोव्हेंबरच्या अखेरच्या शनिवारी असते आणि साडेतीन तासांत आटोपते. भाकीत डिसेंबरात सुरू होतं ते पुढच्या नोव्हेंबरापर्यंत पुरतं. नाना हे या जातीचं सांगलीकडचं वाण. एमएस करायला आले, मोटारीच्या वायपरच्या मोटरीवर तीस वर्षं काढली, निवृत्त झाले. स्वतः आयुष्यात एकदाही हेल्मेट घातलेलं नाही. स्कूटरवरसुद्धा नाही.

विषम वर्षी सामना ॲन आर्बरला, सम वर्षी कोलंबसला. घरच्या सामन्याचं भाकीत नाना कचऱ्याचा डबा रस्त्यावर लोटता लोटता करतात. बाहेरगावच्या सामन्याला मात्र बैठक लागते. तळघरात सतरंजी, समोर दोनशेपानी वही, काकूंचा साबुदाणा आणि ऐकायला माझ्यासारखे दोघे-तिघे, ज्यांना नाही म्हणायची सवय नाही. वही मराठीत असते. कारण विचारलं तर नाना आवाज उतरवून सांगतात, “शत्रूच्या हाती पडली तर?”

शत्रू म्हणजे जावई. नानांची एकुलती एक लेक कोलंबसला दिलेली आहे. मुलगा मराठी, घर चांगलं, पत्रिका जुळली. पण जन्म, शिक्षण, नोकरी सगळं ओहायो स्टेटच्या सावलीत. त्याला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. ही नानांच्या मते लष्करी सोय आहे. एरवी हा माणूस जावयाशी ‘अहो जावईबापू’खेरीज बोलत नाही, त्यामुळे तोंडावर डिवचण्याची पंचाईत. इथले सासरे जावयाच्या पाठीत गुद्दा मारून ‘या वेळी तुम्हाला लोळवतो’ म्हणतात. नाना म्हणतात, “जावईबापू, यंदा आपल्या मंडळींचा बचाव जरा मागच्या बाजूला पातळ वाटतो, नाही का?” तो बिचारा “हो बाबा” म्हणतो आणि मटार सोलायला बसतो.

भाकिताला नाना नेहमी इतिहासापासून हात घालतात, आणि इतिहास सुरू होतो बेळगावपासून. म्हणजे टोलेडोपासून. १८३५ साली मिशिगन आणि ओहायो यांच्यात टोलेडोच्या पट्ट्यावरून युद्ध पेटलं. दोन्हीकडून सैन्य निघालं, दलदलीत फिरलं, आणि सगळ्या युद्धात मिळून एका शेरीफच्या मदतनिसाला खिशातल्या चाकूची जखम झाली. शेवटी टोलेडो ओहायोला गेलं, मिशिगनला उत्तरेचा जंगलपट्टा आणि १८३७ मध्ये राज्याचा दर्जा मिळाला. त्या जंगलात पुढे तांबं आणि लोखंड निघालं, म्हणजे हिशेबानं सौदा फायद्याचाच झाला. पण सीमाभागाच्या माणसाला हिशेब सांगून उपयोग नसतो. मी एकदा सांगून पाहिला. नाना म्हणाले, “तू पुण्याचा. तुला नाही कळायचं.”

मग १९५० येतं. अमेरिकेच्या या फुटबॉलमध्ये पायाला काय काम, असं कुणी नवखा म्हणाला की नाना त्याला सतरंजीवर जवळ ओढून बसवतात. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, जमणार नसेल तर चेंडू लाथाडून समोरच्याच्या गळ्यात टाकायचा, एवढं समजलं की पुरे. त्या वर्षी कोलंबसला सामन्याच्या दिवशी असं हिमवादळ आलं, की मैदानावरच्या रेषा दिसेनात. मिशिगननं चेंडू चोवीस वेळा लाथाडला. अख्ख्या सामन्यात एकदाही दहा यार्ड सरकता आलं नाही, एकही पास कुणाच्या हातात पडला नाही, आणि मिशिगन ९-३ असं जिंकलं. ओहायोच्या दोन लाथा अडवल्या, त्याचेच सगळे गुण. “काहीही न करता जिंकलो!” नाना डोळे पुसतात. सरकारी नोकरीत हयात गेलेल्या त्यांच्या वडिलांना हा सामना फार आवडला असता, असं मला नेहमी वाटतं.

त्या पराभवानंतर ओहायो स्टेटचा प्रशिक्षक गेला आणि १९५१ मध्ये वुडी हेज आले. त्यांच्याच हाताखाली बो शेंबेक्लर तयार झाले आणि १९६९ मध्ये मिशिगनचे प्रशिक्षक झाले. इथं नानांच्या अंगात तालीम संचारते. वस्ताद एक डाव राखून ठेवतो म्हणतात. हा चेला तो राखीव डावसुद्धा पाहून आला होता. सलग बावीस सामने जिंकून आलेल्या ओहायोला पहिल्याच वर्षी २४-१२ अशी धूळ चारली. ती कुस्ती धरून दहा वर्षं गुरू-चेला भिडले. पाच चेल्यानं मारल्या, चार गुरूनं, आणि १९७३ ची १०-१० अशी बरोबरीत सुटली. त्या बरोबरीवर नानांनी वहीची नऊ पानं खर्च केली आहेत. ती मी इथं देत नाही.

खरी गोम नानांच्या भाकितशास्त्रात आहे. २०१८ पर्यंत ते सरळ माणसासारखे आपल्या बाजूनं बोलत. त्या साली मिशिगन चौथ्या क्रमांकावर होतं, कोलंबसला जाऊन सहज मारणार, असं पेपरवालेही म्हणत होते. नानांनी भाकिताची प्रत काढून जावयाच्या फ्रिजवर लावली. ६२-३९. मिशिगनचे ३९. ती प्रत काढताना चुंबक हातातून पडला आणि लेक म्हणाली, “असू द्या बाबा, मी काढते.” त्या एका वाक्यानं माणूस बदलला. तेव्हापासून नाना फक्त पराभवाचं भाकीत करतात. २०२० चा सामना कोविडनं रद्द झाला. २०२१ मध्ये नानांनी घरच्या मैदानावर पराभव सांगितला आणि आठ हारींनंतर मिशिगन जिंकलं. २०२२ मध्ये कोलंबसला धुव्वा उडेल म्हणाले. ४५-२३ असे जिंकलो, तिथं २००० नंतर पहिल्यांदा. २०२३ मध्ये पुन्हा हरतो म्हणाले. जिंकलोच, आणि पुढे राष्ट्रीय विजेतेपदही आलं.

आता सामान्य माणूस म्हणेल, मग झालं, दर वर्षी ‘हरणार’ म्हणायचं. तसं चालत नाही. ते मनापासून म्हणावं लागतं. नुसतं तोंडानं म्हटलं तर वरच्याला कळतं. म्हणून नाना वर्षभर स्वतःला पटवत बसतात. तीनशे पाउंडांच्या खेळाडूंची वजनं, कुणाचा खांदा दुखतोय, कोलंबसच्या घोड्याच्या नालासारख्या मैदानाच्या उघड्या दक्षिण तोंडातून वारा कुठल्या महिन्यात कसा शिरतो, सगळं जमवायचं, आणि आशेचा एखादा कण सापडला की तो वेचून फेकून द्यायचा. तांदूळ निवडावे तसं. काकू म्हणतात, “आमच्या लग्नाच्या वेळी यांनी एवढी चौकशी केली असती तर!” वाक्य त्या कधी पुरं करत नाहीत.

२०२४ ला मात्र कष्टच नव्हते. जुने प्रशिक्षक गेले होते, तेरा खेळाडू व्यावसायिक संघांनी उचलले होते, मिशिगननं अकरापैकी पाच सामने गमावलेले. समोर ओहायो स्टेट, देशात दुसऱ्या क्रमांकावर. सट्टेवाले वीसेक गुणांचा फरक धरत होते. नाना त्या हंगामात इतके शांत होते, की काकूंनी त्यांचा रक्तदाब तपासून घेतला. वहीत निकाल लिहिला: ओहायो ४१, मिशिगन १०. खाली एक ओळ होती, “तरी पण मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट मधोमध उभे आहेत, दोघांचं मिळून जवळजवळ तीनशे किलो, तिथून वाट मिळणं अवघड.” ही आशा झाली, हे ध्यानात येताच नानांनी ती ओळ खोडली.

त्या वर्षी माझी बायको भारतात होती, नानांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, म्हणून गाडी चालवायला मी. डंडीला टाकी भरली. फिंडले, अप्पर सँडस्की, मॅरियन अशी गावं मागं टाकत तीन तासांत कोलंबसला पोचलो. वाटेत प्रत्येक पोलिसाच्या गाडीशी नाना “साठच्या वर नको, आपली नंबरप्लेट बघतायत” म्हणत होते. लेकीच्या स्वयंपाकघरात वाणसामानाची यादी लटकत होती. त्यातल्या मिल्क आणि मश्रूमची आद्याक्षरं लाल फुलीखाली. सामन्याच्या आठवड्यात ओहायो स्टेटच्या आवारात इंग्रजी ‘एम’वर अशाच लाल फुल्या मारतात. इथं त्या सात वर्षांच्या नातीनं मारल्या होत्या. “आजोबा, तुमच्या मिशिगनवरपण मारली,” ती म्हणाली. नानांनी तिच्या अक्षराचं कौतुक केलं. ते खरोखर चांगलं होतं.

शनिवारी दुपारी बारा वाजता सामना सुरू झाला. व्याही लाल सदरा घालून आले होते, नानांनी निळा आणि मक्याच्या रंगाचा मफलर गुंडाळलेला. दोघांनी एकमेकांना आधी बसण्याचा इतका आग्रह केला, की पहिला डाव उभ्यानंच पाहिला गेला. मध्यंतराला गुणफलक १०-१०. नाना उठले. “मला जरा हवा हवी,” म्हणाले आणि थेट गाडीत जाऊन बसले. मी चहा द्यायला गेलो तर काचा बंद, हीटर चालू, रेडिओवर कोलंबसचंच केंद्र लावलेलं. “तिथं मी बसलो की मनात येतं, जिंकू,” ते म्हणाले. “इथं त्यांचा निवेदक बोलतो, त्यामुळे निराश राहायला मदत होते.”

तिसऱ्या भागात कुणालाच काही मिळालं नाही. ओहायोवाले पुन्हा पुन्हा मधूनच घुसायला बघत होते, त्या तीनशे किलोंवर. ४५ सेकंद उरले असताना मिशिगनच्या झ्वाडानं जवळून चेंडू खांबांमधून लाथाडला. १३-१०. घरात कुणीच बोललं नाही. मी सांगायला बाहेर धावलो, तर नाना स्टिअरिंगवर डोकं टेकवून बसलेले. माझ्याकडे न बघता म्हणाले, “वही आण.”

वही आणली. नाना घरात आले, दिवाणखान्याच्या मधोमध उभे राहिले आणि खोडलेली ओळ मला मोठ्यानं वाचायला लावली. “वाचता येतंय ना? खोडलेलं असलं तरी लिहिलेलं आहे ना?” व्याह्यांनी मान डोलावली. त्यांची अवस्था वाद घालण्यासारखी नव्हती.

टीव्हीवर मिशिगनची पोरं मैदानाच्या मधोमध झेंडा रोवायला गेली आणि हातापायी सुरू झाली. पोलिसांनी मिरचीचा फवारा मारला. नानांच्या खिशात एक छोटा झेंडा होता. त्यांनी तो हळूच बाहेर काढला. “जावईबापू, आपली हरकत नसेल तर...” “अहो!” काकू म्हणाल्या, आणि झेंडा त्यांच्या हातातून घेऊन खिडकीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीत खोचला. तो तिथंच राहिला. पुढं जानेवारीत राष्ट्रीय विजेतेपद ओहायो स्टेटनंच मारलं, पण त्याचा फोन जावईबापूंनी केला नाही आणि नानांनी विचारला नाही.

रविवारी परत निघालो. फिंडलेपर्यंत नाना २०२५ च्या पराभवाची तयारी करत होते. कोण खेळाडू जाणार, कोण राहणार. पुढे गेल्यावर टाकीचा पिवळा दिवा लागला. आदल्या दिवशी हीटर लावून दोन तास बसल्याचा तो हिशेब होता. डंडी अजून लांब. मी गाडी हळू केली, दशम्यांच्या रिकाम्या डब्याकडे बघितलं आणि काही बोललो नाही. नाना बराच वेळ बाहेर बघत राहिले. मग समोर हिरवी पाटी आली: टोलेडो.

“इथं घे,” नाना म्हणाले. “हे मुळात आपलंच आहे.”

आणि स्वतः उतरून, स्वतःच्या कार्डावर, टाकी भरली.