गाण्याचा तास कुठे आहे?

जळगाव-धुळ्याच्या शाळांत संगीत कुठे भेटतं? दहावीच्या वाढीव गुणांत. शास्त्रीय गायन-वादनाच्या तीन परीक्षा झाल्या असतील तर 10, पाच झाल्या असतील तर 15. परीक्षा गांधर्व महाविद्यालय मंडळासारख्या संस्थेची, शिकवणी खासगी क्लासची, फी आईबापांची. शाळा फक्त प्रस्ताव बोर्डाकडे धाडते. जे शाळेनं शिकवलंच नाही त्याचे गुण शाळेच्या निकालात धरायचे, हे मला मुळीच मान्य नाही. साक्री किंवा चोपडा तालुक्यात ज्या गावी क्लासच नाही, तिथल्या मुलीचा गळा कितीही तयार असो, हे 15 गुण तिच्यासाठी नाहीतच.

सहावी ते आठवीचा पट शंभरावर गेला की कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक हवा, असं 2009 चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. पण कला म्हटलं की शाळांना चित्रकलाच आठवते. मग अकरावीला बोर्डाच्या यादीत गायन, वादन, संगीताचा इतिहास असे विषय असून घेणार कोण? दहावीपर्यंत ज्याला कुणी सा लावायला सांगितलं नाही, तो?

आणि हे खानदेशात! नारायण राजहंस बालगंधर्व होण्याआधी याच जळगावात मेहबूबखाँकडे गाणं शिकले. शिरपूर तालुक्यातलं थाळनेर हे मंगेशकर भावंडांचं आजोळ. आसोद्याच्या बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. त्यांची ओवी जात्यावर, शेतात, गळ्यातून आली. 2018 मध्ये आपण विद्यापीठाला त्यांचं नाव दिलं. वर्गात मात्र त्यांच्या कवितेखाली ‘आशय स्पष्ट करा’ एवढंच विचारतो. ती कविता मुलांकडून एकदा तरी चालीत म्हणून घ्या की! जी गाऊनच रचली, तिचा आशय चालीवाचून हाती लागतच नाही.

मुलं काही कोरी येत नाहीत. भाद्रपदात गुलाबाईची गाणी मुलींच्या तोंडी असतात, श्रावणात कानबाईची घरोघर ऐकू येतात, वहीगायन अजून जिवंत आहे. अहिराणीचा हेल तर कानात जन्मापासूनच. एवढा ऐवज घेऊन आलेल्या मुलाला शाळा स्वागतगीतापुरतं उभं करते, तेही पाहुणे येणार असले तर, आणि त्यातही दरवर्षी तीच चार मुलं.

मागणी फार मोठी नाही. आठवड्याला दोन तास, वेळापत्रकात छापलेले, गणिताच्या जादा तासाला न देता येणारे. एक पेटी, एक ढोलकी, आणि पोट भरेल एवढा पगार असलेला शिक्षक. तालाच्या मात्रा-खंडांचा तक्ता वहीत उतरवून घेणं बंद करा, टाळी-खाली हातावर द्यायला लावा. पहिल्या तासाला गुलाबाईचं गाणं घ्या. मुलींनी मुलांना शिकवावं, शिक्षकानं त्याच्या मात्रा मोजून दाखवाव्यात. भूप राग मग येईल.