ए-खाता, बी-खाता आणि शिष्यवृत्ती

मुलीच्या परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्तीची चौकशी करायला गेले, की पहिला प्रश्न तिच्या गुणांचा येईल असे कोणालाही वाटेल. बंगळुरूच्या मारतहळ्ळीत सल्लागाराच्या कार्यालयात पहिला प्रश्न फ्लॅटचा येतो. "सार्, फ्लॅट स्वतःचा का? ए-खाता की बी-खाता?"

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी खुलासा करायला हवा. बंगळुरूत घराची नोंद कुठल्या खात्यात आहे त्यावरून घराची जात ठरते. ए-खाता म्हणजे कागदपत्रे ठीकठाक. बी-खाता म्हणजे कर वेळेवर घेतला जातो, पण घर पुरते कायदेशीर आहे असे कोणी छातीठोकपणे म्हणत नाही, आणि बँक कर्ज देताना नाक मुरडते. या माहितीचा शिष्यवृत्तीशी काय संबंध, हे चहा संपेपर्यंत कळले. समोरची हसतमुख मुलगी ज्याला 'फुल फंडिंग' म्हणत होती, ते घर गहाण टाकून घ्यायचे कर्ज होते. आमचा फ्लॅट ए-खाता आहे हे ऐकून तिने केलेले अभिनंदन मुलीच्या नऊ पॉइंट एक सीजीपीएलाही मिळाले नव्हते.

आऊटर रिंग रोडच्या या टोकाला पूर्वी जावा आणि टेस्टिंगच्या क्लासचे फलक असत. ते अजून आहेतच. त्यांच्या वरच्या मजल्यांवर आता काळ्या टोप्या हवेत उडवणारी मुले आली आहेत. मेट्रोच्या कामामुळे गाड्या हलत नाहीत, त्यामुळे हे साहित्य सावकाश वाचता येते. फलकावर गेल्या वर्षी किती कोटींच्या शिष्यवृत्त्या मिळवून दिल्या त्याचा आकडा असतो. किती मुलांत मिळून, आणि त्यांनी स्वतः किती भरले, एवढ्यासाठी फलकावर जागा उरत नाही.

मुलीलाही एका परदेशी विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळाली. तिने मागितली नव्हती. प्रवेशपत्राबरोबरच सोनेरी कडांचे दुसरे पत्र आले, तिच्या असामान्य गुणवत्तेची दखल घेऊन. तिच्या वर्गातल्या आणखी चौघांच्या असामान्य गुणवत्तेची दखल त्याच रकमेने घेतली गेली होती. मारतहळ्ळी फॅक्टरी आउटलेटांसाठी प्रसिद्ध आहे. शर्टावर आधी किंमत छापायची, मग ती खोडून सूट द्यायची, हे इथे कोणाला शिकवावे लागत नाही. फरक इतकाच, की शर्ट घेतल्यावर दुकानदार फेसबुकवर आनंद व्यक्त करायला सांगत नाही.

खऱ्या शिष्यवृत्त्या नाहीत असे नाही. त्यांच्या चाळण्या बारीक आहेत, आणि प्रत्येक चाळणीचे भोक वेगळ्या आकाराचे आहे. इनलॅक्स भरघोस पैसे देते. पण अभियांत्रिकी, संगणकशास्त्र आणि व्यवस्थापन यांना नाही. मारतहळ्ळीत वाढलेल्या मुलीने याखेरीज दुसरे काय शिकलेले असणार? चेव्हनिंगला दोन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो, फुलब्राइट-नेहरूच्या पदव्युत्तर शिष्यवृत्तीला तीन वर्षांचा. आयईएलटीएसचे गुण दोन वर्षांत शिळे होतात. म्हणजे परीक्षा आधी द्यावी तर अनुभव पिकेपर्यंत गुण नासतात. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही, हे आम्हाला सोसायटीतल्या प्रत्येकाने लिफ्टमध्ये सांगितले. व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधी गोठवलेल्या खात्यात ठेवावे लागतात, हे मात्र लिफ्टमधून उतरण्याच्या आत कोणी सांगत नाही.

राहिले सरकार. आम्हा नवराबायकोचे फॉर्म १६ एकत्र ठेवले, तर बहुतेक योजनांची उत्पन्नमर्यादा पहिल्या पानावरच ओलांडली जाते, तेव्हा तिथे आम्ही रांगेत उभे राहण्याचे कारण नाही. पण आमच्याच मजल्यावर नांदेडचे एक कुटुंब आहे. अनुसूचित जातीतले, वडील खासगी कंपनीत पर्यवेक्षक, मुलगी हुशार. महाराष्ट्राची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती नेमकी अशा मुलीसाठीच. दर वर्षी ७५ जागा. त्यासाठी महाराष्ट्राचा अधिवास हवा. मुलगी इथेच वाढली. कर्नाटकाची प्रबुद्ध योजना आहे, पण एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलेल्या माणसाची अनुसूचित जात नव्या राज्याच्या सवलतींपुरती सोबत येत नाही. जातीचा त्रास मात्र सामानाबरोबर येतो, त्याला दाखला लागत नाही.

तिच्या पदवीवर व्हीटीयू या विद्यापीठाचे नाव आहे आणि त्यापुढे बेळगावी. महाराष्ट्र कित्येक दशके न्यायालयात आणि विधानसभेत सांगत आला आहे की बेळगाव आमचे. अधिवासाच्या दाखल्यासाठी हा पुरावा जोडता येत नाही.

मग उरते केंद्राची नॅशनल ओव्हरसीज. १९५४-५५ पासून चालू आहे, म्हणजे योजना म्हणून तिचा अनुभव चेव्हनिंगला पुरून उरेल इतका. देशभरासाठी १२५ जागा, त्यांतल्या ११५ अनुसूचित जातींच्या, कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांच्या आत. २०२२ मध्ये ठरले, की भारताची संस्कृती, वारसा, इतिहास आणि समाज या विषयांच्या अभ्यासासाठी ही शिष्यवृत्ती मिळणार नाही. जातिव्यवस्थेवर संशोधन करायचे असेल तर ते भारतातच करावे, जिथे तिचा साठा मुबलक आहे. २०२५ मध्ये १०६ जणांची निवड झाली आणि सुरुवातीला पत्रे फक्त ४० जणांना गेली. उरलेल्यांना निधी उपलब्ध झाल्यास कळवू असे सांगण्यात आले. विद्यापीठांचे वर्ग ऑगस्ट-सप्टेंबरात भरतात आणि त्यांना अर्थ मंत्रालयाशी काही देणेघेणे नसते. नांदेडच्या शेजाऱ्यांची तक्रार माझ्या तक्रारीपेक्षा कितीतरी खरी आहे. ते ती करत नाहीत. लेख लिहायला त्यांना वेळ नाही.

अर्ज भरणे ही वेगळीच नोकरी. नेतृत्वगुणांवर पाचशे शब्द मागतात. मुलीने अपार्टमेंटच्या गणपतीत प्रसादाची रांग सांभाळली होती. तिसऱ्या मसुद्यापर्यंत त्याचे 'बहुभाषिक समुदायाचे समन्वयन' झाले. शिफारसपत्रे प्राध्यापकांनी लिहायची असतात. प्राध्यापक म्हणतात, तूच लिहून आण, मी सही करतो. ती लिहिते, ते सही करतात, आणि पोर्टल ते नाकारते, कारण सरांचा ईमेल कॉलेजच्या पत्त्यावरून आलेला नाही. कॉलेजने दिलेला पत्ता सरांनी रुजू झाल्यापासून उघडलेला नाही.

शिफारसपत्राचा एक जुना नमुना उपलब्ध आहे. १९०६ साली श्यामजी कृष्ण वर्मांच्या शिवाजी शिष्यवृत्तीसाठी टिळकांनी तरुण सावरकरांबद्दल लिहिले, तेव्हा आधी त्यांनी सांगून टाकले की इतक्या गर्दीत कोणा एकाची खास शिफारस करण्यात अर्थ नाही. मग दोन-तीन वाक्यांत ती केली: मुलगा तडफदार आहे, स्वदेशीच्या नादाने त्याने फर्ग्युसनच्या चालकांची नाराजी ओढवून घेतली, सरकारी नोकरी करणार नाही, वर्तन चांगले आहे. शिष्यवृत्ती मिळाली. आज हे पत्र पोर्टलवर चढवले, तर कॉलेजच्या नाराजीच्या मुद्द्यावर स्वतंत्र खुलासा मागतील, आणि 'तडफदार'साठी एक ते पाचमधला आकडा.

अटींचा इतिहासही पाहून ठेवला. १९१३ च्या ४ जूनला डॉ. आंबेडकरांनी बडोदा संस्थानाशी करार केला: महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षे, कोलंबिया विद्यापीठात शिकायचे आणि परत येऊन दहा वर्षे संस्थानाची नोकरी करायची. दहा वर्षे ही अट जाचक होतीच, आणि १९१७ मध्ये ते नोकरीवर रुजू झाले तेव्हा त्याच बडोद्यात त्यांना राहायला जागा मिळेना, हे बडोद्याला शोभणारे नव्हते. तरी त्या करारात एक गोष्ट होती जी आमच्या मारतहळ्ळीच्या कार्यालयातल्या तीस पानी रंगीत पुस्तिकेत सापडली नाही. पैसे किती, कधीपर्यंत आणि बदल्यात काय, हे सही करण्याआधी ठाऊक होते.

जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये काढलेला निधीही याच जातीचा. बंगळुरूत बसचे कंडक्टर विज्ञान संस्थेला आजही टाटा इन्स्टिट्यूटच म्हणतात, तेच हे टाटा. त्यांचा निधी पहिल्याच ओळीत सांगतो की हे कर्ज आहे, फेडायचे आहे. के. सी. महिंद्रा ट्रस्ट आणि नरोत्तम सेखसरिया फाउंडेशन सांगतात की कर्जच, पण बिनव्याजी. यांच्याविरुद्ध माझी काही तक्रार नाही. मुलीचे अर्ज तिकडे गेले आहेत. नांदेडकरांच्या मुलीचाही टाटांकडे गेला आहे. तिथे अधिवास विचारत नाहीत.

बाकीच्या दात्यांना, सल्लागारांना आणि विद्यापीठांना विनंती एवढीच: कर्ज असेल तर पहिल्या ओळीत कर्ज म्हणा, सूट असेल तर अभिनंदन करू नका, आणि 'निवड न झालेल्या उमेदवारांना कळवले जाणार नाही' हे वाक्य काढून त्या जागी नकाराचा एक ईमेल पाठवा. तो पाठवायला निधी उपलब्ध होण्याची वाट पाहावी लागत नाही.