पत्ता बदलला, घर तेच

घर न हलवता पत्ता कसा बदलावा, हे आमच्याकडून शिकावं. १९५६ साली आजोबा हैदराबाद राज्यातून म्हैसूर राज्यात गेले, तेही ओसरीवर बसल्या बसल्या. १९७३मध्ये त्याचं कर्नाटक झालं. २०१४मध्ये आमच्या गुलबर्ग्याचं कलबुर्गी, २०१९मध्ये हैदराबाद-कर्नाटकाचं कल्याण-कर्नाटक. नावात कल्याण आलं. गल्लीत यायला बहुधा बस चुकली असावी.

मग शहर आपलं वाटतं ते कशानं? रिक्षावाल्याला कन्नडमध्ये भाडं विचारावं, त्यानं दखनीत सांगावं, आपण मराठीत कुरकुरावं आणि सौदा तिन्ही भाषांत पटावा, यानं. पाटी वाचून गाव शोधतो तो पाहुणा. पाटीखाली उभं राहून ‘गुलबर्ग्याची गाडी गेली का हो?’ विचारतो, तो घरचा.